होय, नाही आणि वाफ

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. एक बाई आणि तिची पाच-सहा वर्षांची मुलगी आत आल्या. दार मिटलं आणि त्या मुलीनं नाक वर करून हुंगलं. मग खात्री करून घ्यावी तसं पुन्हा एकदा हुंगलं, आणि सगळ्या लिफ्टला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, या आजोबांना केकचा वास येतोय."

"अगं, असं बोलू नये," आई म्हणाली.

"पण येतोय ना!"

लिफ्टमधल्या बाकीच्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. त्यातल्या एकानं न राहवून हलकेच हुंगूनही घेतलं.

ज्याला ती आजोबा म्हणाली, तो पुढच्याच मजल्यावर उतरला. त्याचं ऑफिस आणखी दोन मजले वर होतं, पण उतरला आणि जिना चढू लागला. आधी 'आजोबा' हा शब्द बोचला. चोपन्न वय काही आजोबांचं नसतं. केस जरा विरळ झालेत, चष्मा जरा खाली घसरतो, एवढंच. पण चौदा पायऱ्या चढल्यावर धाप लागली आणि आजोबा बऱ्यापैकी पटले. उरला तो केक. गेली तीन वर्षं तो ठामपणे धरून चालला होता की आपल्याला वास येत नाही. आणि हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरं आहे हे त्याला आत्ता, जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभं असताना कळलं. त्याच्या नाकाला वास येत नव्हता, म्हणून त्याच्या अंगाला वास येत नाही अशी त्याची समजूत. वेप, म्हणजे विजेवर चालणारी वाफेची सिगारेट, विकणाऱ्या दाढीवाल्या दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "साहेब, ही वाफ आहे, वाफ. किटलीतून निघते तशी. कुणाला पत्ता लागणार नाही." नळीवर 'व्हॅनिला कस्टर्ड' असं छापलेलं होतं. ते त्यानं साबणावर गुलाबाचं चित्र असतं तितक्याच गांभीर्यानं घेतलं होतं. म्हणजे तीन वर्षं तो मीटिंगांत, बँकेत, डेंटिस्टच्या खुर्चीत, स्वतःच्या मुलीला ती परदेशी निघाली त्या दिवशी मिठी मारताना, सगळीकडे केकसारखा दरवळत होता, आणि कुणीही, अगदी कुणीही, त्याला सांगितलं नव्हतं. माणसं फार सभ्य असतात. किंवा त्यांना काही पडलेली नसते. लहान मुलं तेवढी सरळ बोलतात, आणि तीही लिफ्टमध्ये.

टेबलाशी बसतो न बसतो तोच साहेबांचं बोलावणं आलं. साहेबांना सगळे 'परिशिष्ट' म्हणत, कारण कुठलाही अवघड प्रश्न विचारला की ते म्हणत, "ते आपण परिशिष्टात घेऊ." हा आयुर्विम्याच्या कंपनीचा अर्ज विभाग होता, आणि सव्वीस वर्षं त्याचं काम एकच होतं: प्रश्न तयार करणं. असे प्रश्न, की ज्यांच्यापुढे दोन चौकोन असतील आणि माणूस त्यातल्या एकात खूण करून मोकळा होईल. आपणांस पूर्वी कोणताही गंभीर आजार झाला आहे काय? होय, नाही. आपण उंचावरून उड्या मारण्याच्या खेळांत भाग घेता काय? होय, नाही. माणसांची आयुष्यं अशी दोन चौकोनांत बसतात याचं त्याला नोकरीच्या पहिल्या वर्षी हसू यायचं, दहाव्या वर्षी कौतुक वाटायचं आणि आता काहीच वाटत नव्हतं.

"प्रश्न क्रमांक अकरा," साहेब म्हणाले.

"आपण धूम्रपान करता काय," तो म्हणाला. तो प्रश्न त्यानंच लिहिला होता, नोकरीला लागल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात. आणि लिहून झाल्यावर समाधानानं खाली जाऊन एक सिगारेट ओढली होती.

"लोक फसवायला लागलेत हो. परवा एकानं 'नाही'वर खूण केली, आणि समोर बसून नाकातून ढग सोडले. आपला माणूस म्हणाला, अहो, हे काय? तर म्हणतो, धूम्र म्हणजे धूर. हा धूर नाही. वाफ आहे. आता बोला."

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणून गेला.

"बरोबर आहे तेच चुकलंय. तेव्हा या वाफवाल्यांना कुठे टाकायचं ते ठरवा. होयमध्ये, नाहीमध्ये, की तिसरा चौकोन काढायचा? कशानं किती नुकसान होतं याची नीट तुलना करा, डॉक्टरांना विचारा, आणि सोमवारी मला एक पान द्या. मुद्दाम तुम्हाला सांगतोय. बाकी सगळे काही ना काही ओढतात. तुम्ही सिगारेट सोडलीत. तटस्थ माणूस पाहिजे."

तटस्थ माणसाच्या डाव्या खिशात व्हॅनिला कस्टर्ड होतं, उजव्या खिशात सहा सिगारेटी उरलेलं पाकीट होतं, आणि दोन्ही खिसे त्याला एकदम जड वाटू लागले.

टेबलावर येऊन त्यानं कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, सिगारेट. उजवीकडे, वेप. डावी बाजू भराभर भरली. तंबाखू जळते. जळण्यातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड, हजारो रसायनं. कर्करोग, हृदय, फुप्फुसं, रक्तवाहिन्या. शेजारणीची चहाडी सांगताना सुचत जावं तसं त्याला सुचत गेलं. उजवीकडे त्यानं लिहिलं, काहीही जळत नाही. डांबर नाही. विषारी द्रव्यं पुष्कळच कमी. इथे त्यानं पेन खाली ठेवलं आणि बरं वाटून घेतलं. मग मनाविरुद्ध पुढे लिहिलं, पण निकोटिन आहे. सवय तीच. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो. काही जणांच्या फुप्फुसांना इजा. वीस-तीस वर्षांनी काय होतं, माहीत नाही. हे 'माहीत नाही' त्याला फार आवडलं. आरोपीची पुराव्याअभावी सुटका व्हावी तसं काहीतरी त्या दोन शब्दांत होतं. त्यानं त्याखाली रेघ मारली.

आणि मग त्या रेघेच्या डावीकडून वडील आले. वडील शिंपी होते. मापं घेताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट असायची, गळ्यात टेप, आणि ते गिऱ्हाइकाला "हात वर, छाती फुगवा" असं सिगारेट न हलवता सांगायचे. तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी राख जमायची, वाकायची, पण कापडावर कधी पडली नाही. गल्लीतल्या पुरुषांच्या कोटांना वडिलांचा वास यायचा. शाळेच्या समारंभाला प्रमुख पाहुणे शेजारून गेले तरी तो ओळखायचा, हा कोट आपल्याकडचा. लहानपणी त्याला वाटे की वडील म्हणजेच तो वास. माणूस नंतर, वास आधी. पुढे त्यांच्या छातीत पाणी झालं आणि मोठ्या दवाखान्यात त्यांना ठेवलं तेव्हा तो वास गेला, फिनेलचा आला, आणि खाटेवर कुणीतरी वडिलांसारखं दिसणारं झोपलं होतं. ते गेले त्या दुपारी तो जिन्याखाली गेला. तिथे वॉर्डातला तरुण डॉक्टर उभा होता, सिगारेट ओढत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरनं ओशाळून काडीपेटी पुढे केली. फुप्फुसांनी गेलेल्या माणसाचा मुलगा आणि त्याला वाचवू न शकलेला डॉक्टर, दोघं मिळून एकही शब्द न बोलता दोन सिगारेटी ओढत उभे राहिले. इतका समजूतदारपणा त्याला नंतर कुणीही दाखवला नव्हता, आणि इतका मूर्खपणाही.

सिगारेटला निदान लांबी असते. पेटते, संपते, विझते; माणूस उठतो आणि कामाला लागतो. वेपला लांबीच नाही. सुरू कुठे होतं, संपतं कुठे, काही कळत नाही. तो सकाळी दात घासण्याआधी ओढायचा, घासल्यावर ओढायचा, जिन्यात, गाडी सिग्नलला थांबली की, मीटिंगमध्ये खाली पडलेलं पेन शोधायला वाकला की टेबलाखाली. दिवसात किती, हे सांगणं म्हणजे आज किती वेळा पापण्या लवल्या हे सांगण्यासारखं. आणि एवढं सगळं असून जेवणानंतर त्याचे पाय आपोआप इमारतीच्या मागे वळायचे. तिथे पाण्याच्या पंपाजवळ रखवालदार स्टूल टाकून बसलेला असायचा. त्याच्या शेजारी एक सिगारेट, मग आणखी एक; आणि संध्याकाळी निघताना एक, कारण दिवस संपला हे शरीराला कळायला काहीतरी नको का? या सिगारेटी तो मोजत नसे. त्या सोडलेल्या सिगारेटी होत्या. सोडलेल्या गोष्टी कोण मोजतं?

घरी हा प्रश्न एकदाच निघाला होता. बायको शाळेत गणित शिकवायची. तीन वर्षांपूर्वी मुलगी परदेशी गेली, त्याच महिन्यात बायकोनं एका संध्याकाळी विचारलं होतं, "सोडली?" आणि तो म्हणाला होता, "सोडली." तिनं मान हलवली होती, बस. मुलांना ती नेहमी म्हणायची, उत्तर बरोबर आहे, आता रीत दाखव. त्याच्याकडे मात्र तिनं रीत कधी मागितली नाही. हा विश्वास त्याला नव्या बुटासारखा चावत असे. कधीकधी वाटायचं, तिनं एकदा खिसे तपासावेत, भांडावं, पाकीट खिडकीतून फेकावं. पण ती वह्या तपासत बसलेली असायची, आणि हल्ली तर मुलीच्या रिकाम्या खोलीत बसून, दार लावून. शांतता लागते, म्हणायची.

शनिवारी वार्षिक तपासणी होती, यंदा नव्या डॉक्टरांकडे. ती जोडीनं करायची असा कंपनीचा नियम होता, आणि साहेबांच्या कागदावर डॉक्टरांचं मतही हवंच होतं. म्हणजे एका फेरीत दोन्ही कामं. सकाळपासून त्याला अस्वस्थ वाटत होतं. पेपर आणायला म्हणून तो खाली उतरला, कोपऱ्यावर तीन सिगारेटी लागोपाठ ओढल्या आणि पेपर न घेताच वर आला. बायकोच्या ते लक्षात आलं नाही. तीही कशात तरी हरवलेली दिसली, घरातून निघताना पदर दोनदा झटकला, तोंडात बडीशेप टाकली आणि म्हणाली, "चला लवकर, एकदाचं होऊन जाऊ दे."

डॉक्टरबाई साठीच्या, आखूड केसांच्या, बोलायला फटकळ होत्या. रक्तदाब, वजन, उंची झाल्यावर त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि वाचायला लागल्या. "आपण धूम्रपान करता काय? होय, नाही." त्यांनी चष्मा काढला. "इतका बावळट प्रश्न कुणी लिहिलाय हो?"

तो भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे पाहू लागला.

"यांनीच," बायको म्हणाली.

"असं का? मग द्या उत्तर."

"सोडली मी," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. आता फक्त ते... वाफेचं."

"फक्त वाफेचं. छान." डॉक्टरबाईंनी खणातून हातात मावेल एवढं यंत्र काढलं आणि त्याला पुठ्ठ्याची नळी जोडली. "दीर्घ श्वास घ्या, पंधरा सेकंद धरून ठेवा, मग हळूहळू सोडा."

त्यानं श्वास घेतला. पंधरा सेकंद म्हणजे फार मोठा काळ. इतका वेळ श्वास आत ठेवून बसायची वेळ त्याच्यावर लहानपणी नदीत बुडी मारताना आली असेल तेवढीच. आपल्या आत काय काय आहे हे आता बाहेर येणार, असं त्याला वाटलं: पंपाजवळचं स्टूल, कोपऱ्यावरच्या तीन, न आणलेला पेपर, बायकोला दिलेला तो एक शब्द. हे सगळं त्या पुठ्ठ्याच्या नळीतून जाईल आणि छोट्या पडद्यावर अक्षरं उमटतील. एकदा वाटलं, श्वास सोडूच नये. पण छातीला तेवढाही दम नव्हता.

पडद्यावर सतरा आले.

"हे कार्बन मोनॉक्साइड," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काहीतरी जळल्याशिवाय होत नाही. तुमच्या वाफेचं या यंत्राला काही देणंघेणं नाही. आज सकाळी काय जाळलंत?"

त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती; तिच्या बाजूनं आता काय येणार हे सव्वीस वर्षांच्या संसारात पाठ होतं. आधी शांतता, मग पर्सची चेन, मग एक वाक्य. शांतता आली. चेन वाजली नाही. वाक्य आलं नाही. आणि हे सगळ्यात भयंकर वाटलं.

"आता तुम्ही," डॉक्टरबाई तिला म्हणाल्या.

"मी? माझं कशाला? मी काय..." बायको म्हणाली आणि थांबली. "मला सर्दी आहे."

"सर्दी चालते."

तिनं यंत्र घेतलं. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ताठ बसली, डोळे मिटले, श्वास धरला, सोडला. पडद्यावर नऊ आले.

डॉक्टरबाईंनी यंत्र हलवून पाहिलं, नवी नळी लावली, स्वतः फुंकलं. दोन. "यंत्र ठीक आहे," त्या म्हणाल्या.

"स्टाफरूममध्ये कुणी कुणी ओढतं," बायको म्हणाली.

"आज शनिवार. शाळेला सुट्टी."

"शेगडी..."

"बाई," डॉक्टरबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "मी तीस वर्षं हेच ऐकतेय. बिचाऱ्या शेगडीच्या कानावर हे कधी जात नाही म्हणून बरं."

बायकोचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत त्यानं तिला खोटं बोलताना पकडलेलं पाहिलं नव्हतं. ती या कामात अगदी नवशिकी दिसली, आणि त्याला कसंतरीच झालं. राग यायला हवा होता. त्याऐवजी तिच्या जागी पटकन आपण काहीतरी बोलावं असं वाटलं, आणि तोंडातून निघालं, "मला एक पान लिहायचंय. सिगारेट आणि वाफ, यातलं कुठलं जास्त वाईट?"

डॉक्टरबाईंनी यंत्र खणात ठेवलं. मग म्हणाल्या, "सिगारेट. यात वादच नाही. तिच्याइतकं वाईट दुसरं काही शोधायचं तर कष्ट पडतील. सिगारेट पूर्ण सोडून कुणी वाफेवर गेला, तर तो एक पायरी खाली उतरला असं मी म्हणेन. खाली, पण जमिनीवर नाही. जो काहीच ओढत नाही त्यानं मात्र त्या नळीला हात लावायचं कारण नाही, पोरांनी तर नाहीच. आणि तुम्ही यातले कुणीच नाही. तुम्ही एक सोडून दुसरं धरलं नाहीत, एकावर दुसरं चढवलंत. धूर तोच, वर निकोटिन दिवसभर. दिवसाला दोन-तीनच ओढतो म्हणून हृदय दोन-तीनच आण्यांनी बिघडत नाही, पुष्कळ बिघडतं. तिसरा चौकोन काढू नका. सरळ विचारा, गेल्या महिन्यात काय काय ओढलंत आणि किती वेळा. आणि लिहायला पुरेशी जागा सोडा. माणसांना खरं सांगायला जागा लागते." त्यांनी कागदावर तारीख लिहिली. "चार आठवड्यांनी दोघंही या. सोडायच्या गोळ्या आहेत, पट्ट्या आहेत, मी आहे."

बाहेर बसथांब्यावर ऊन होतं. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली, मधे तिची पर्स.

"कधीपासून?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुम्ही सोडलीत तेव्हापासून." मग ती स्वतःशीच म्हणाली, "सोडलीत म्हणे."

"म्हणजे?"

"तुमच्या जुन्या कोटात पाकीट सापडलं. फेकायलाच निघाले होते. उघडून वास घेतला." तिनं पर्सचा बंद सारखा केला. "पोरगी गेली होती. दुपारी शाळेतून यायचं, कुलूप काढायचं, आणि आत काय, तर बेकरी. पडद्यांना केक, उशीला केक. मला वाटायचं, मी दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलेय. म्हणून एक पेटवली आणि बशीत ठेवली. ओढली नाही हं. नुसती जळू दिली. तिच्या खोलीत, खिडकीशी. जरा घरासारखं वाटलं."

"मग?"

"मग चार दिवसांनी वाटलं, फुकट जातेय."

तो हसला नाही. डोळ्यांपुढे बशी आली, तिच्या कडेवर टेकलेली सिगारेट, वर जाणारी धुराची सरळ रेघ, आणि शेजारी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलेली ही. तीन वर्षं तो पंपाजवळ उभा राहून जे लपवत होता, तेच ती घरात जपून ठेवत होती. आपला एवढा वाईट गुण कुणी इतक्या मायेनं सांभाळला असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याबरोबर भीतीही वाटली, पहिल्यांदाच खरी. त्याच्या स्वतःच्या फुप्फुसांची त्याला कधी इतकी वाटली नव्हती. कागदावरच्या डाव्या बाजूला जे जे त्यानं चहाडीसारखं भराभर लिहिलं होतं, ते एकेक आता या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईच्या नावावर चढत होतं.

"केकचा वास येतो हे सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"काय सांगणार? तुम्ही सोडलीत म्हणून किती खुशीत होतात. आणि माझा वास तुम्हाला कळला नाही तो? समोरासमोर जेवतो आपण. तुमचं नाक आहे कुठे?"

"दिवसाला किती?"

"एक. वह्या जास्त असल्या तर दोन." ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "आज तीन. तुम्ही पेपर आणायला गेलात तेव्हा. शेजारच्या बाई म्हणाल्या होत्या, तिथे यंत्र असतं. धास्तीच घेतली."

"मीही तीन," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. पर्स उचलून मांडीवर घेतली आणि मधली जागा मोकळी झाली. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती. तिचा आवाज नेहमीसारखा घाईत होता. "आई, झाली का तपासणी? काय म्हणाल्या डॉक्टर?"

बायकोनं फोन हातावर आडवा धरला, दोघांना ऐकू येईल असा. काय सांगायचं हे तिनं डोळ्यांनीच विचारलं. सगळं ठीक आहे, असं म्हणता आलं असतं. ते म्हणायची दोघांनाही चांगली सवय होती. त्यानं मान हलवून म्हटलं, सांग.

"बाबांचे सतरा," ती म्हणाली, "आणि माझे नऊ."

"कशात?"

"सिगारेटच्या यंत्रात."

"बाबांनी सोडली होती ना? आणि तुझे कसले नऊ? आई, तू ओढतेस?"

"ओढत होते."

"कधीपर्यंत?"

बायकोनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. गणिताच्या शिक्षिकेला ढोबळ उत्तर देववत नाही. "सकाळी सव्वानऊपर्यंत," ती म्हणाली.

फोनमधून काही क्षण नुसता श्वास ऐकू आला. मग मुलगी हसायला लागली, आधी नाकातून आणि मग आवरेना अशी. इकडे बायकोलाही फुटलं. ती तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, हसतेय की रडतेय हे बाहेरच्या माणसाला कळू नये इतकी हसू लागली. थांब्यावरच्या लोकांनी वळून पाहिलं. त्यालाही हसू आलं, आणि दोन श्वासांतच त्या हसण्याचा ठसका झाला, ठसक्याचा खोकला झाला, डोळ्यांत पाणी आलं, तो गुडघ्यांवर वाकला. त्याला बायकोचा आवाज ऐकू आला. "थांब हं जरा, बाबांचं होऊ दे." ती सरकून जवळ आली आणि एका हातात फोन उंच धरून दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागली, हळू, एकसारख्या. बस आली, दार उघडून थोडी थांबली आणि निघून गेली. खोकला बसला. तिचा हात पाठीवरच राहिला, आणि तो वाकलेलाच राहिला, आणखी थोडा वेळ.